गळ्यातली तीन अक्षरं

रविवार, ४ जानेवारी. सकाळचे दहा वाजून पन्नास मिनिटं. नेदरलँड्समध्ये, हार्लेम गावातल्या एका जुन्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन माणसं जेमतेम मावतील अशा स्टुडिओत, माझ्या गळ्यातला चौकोनी ठोकळा काढण्यात आला. त्याच्या चारही बाजूंना तीन अक्षरं छापलेली होती: आर झेड डी. एकोणतीस वर्षं तो एकाच जागी होता, त्यामुळे सहज निघेना. शेवटी सुरीने कापावा लागला. दोन मिनिटांत नवा ठोकळा बसला. त्यावर दुसरी तीन अक्षरं होती: डी एल के. अकरा वाजता कार्यक्रम नेहमीप्रमाणे सुरू झाला.

मित्रांनो, मी त्या स्टुडिओतला मायक्रोफोन. तिथल्या सगळ्या वस्तूंत वयाने मोठा. मला दिसत काहीच नाही, ऐकू मात्र सगळं येतं. तेव्हा इथे जे सांगतोय ते कानावर पडलेलं आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे आणि त्याला चिकटलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. कोणी बोललं की पडदा थरथरतो आणि ती थरथर तारेतून पुढे जाते. कारखान्यात ते वेटोळं एका बाईने बसवलं. काम करताना ती गुणगुणत होती. मी ऐकलेला तो पहिला आवाज. नंतर खोकं, ट्रक आणि १९९७ साली हे रेडिओ स्टेशन.

स्टेशनचं नाव समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरून पडलं होतं, पण पूर्ण नाव कोणी घेत नसे. सगळे तीन अक्षरंच म्हणत. डच लोक आपल्या पद्धतीने ‘एर-झेट-डे’ म्हणायचे. नगरपालिकेच्या सभा, फुटबॉलचे निकाल, रस्ता बंद असल्याची सूचना, सगळ्याच्या शेवटी ती अक्षरं असायची. शनिवारी सकाळी कबुतरांची बातमी असे. शर्यतीची कबुतरं फ्रान्समधल्या कुठल्या गावाहून किती वाजता सोडली, वारा कुठून कुठे वाहतोय, हे एक म्हातारे गृहस्थ खरखरीत आवाजात सांगायचे. ती बातमी ऐकून गावोगावचे कबुतरवाले अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसत. एकदा दुसऱ्या कोणीतरी वेगळी वेळ सांगितली, तर लोकांनी ती मानली नाही. एर-झेट-डेने सांगितली तीच वेळ खरी. तेव्हा मला वाटे, माझ्या गळ्यात जे आहे त्याला वजन आहे.

२००९ साली नवे, सडपातळ मायक्रोफोन आले आणि मला कपाटात ठेवलं. तिथे दोन वर्षं मी फक्त पाइपमधून वाहणारं पाणी ऐकलं.

मला कपाटातून बाहेर काढलं ते शर्मिलाने.

शर्मिला २००८ मध्ये पुण्याहून नवऱ्यामागोमाग इथे आली. नवरा रणजित ॲमस्टरडॅमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिच्या कागदांवर ‘अवलंबित’ असं लिहिलेलं होतं, आणि हा शब्द ती अशा सुरात उच्चारायची की आजूबाजूचे विषय बदलत. पुण्यात ती शाळेत विज्ञान शिकवायची. इथे डच शिकवणाऱ्या बाईंनी तिला सुचवलं, की कुठेतरी विनामोबदला काम कर, भाषा आपोआप तोंडात बसेल. ती स्टेशनवर कॉफी करायला आली. वर्षभरात तिला विचारण्यात आलं, रविवारी अकरा ते बारा तुझ्या भाषेत कार्यक्रम करशील का? जागा छोटा स्टुडिओ. मायक्रोफोन कपाटातला.

तिने मला घेतलं आणि आधी माझी स्पंजाची टोपी कोमट पाण्यात धुऊन खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातली. मग समोर बसून म्हणाली, “नमस्कार. आपण ऐकत आहात आर झेड डी.” ती ही अक्षरं इंग्रजी पद्धतीने म्हणाली. त्या दिवसापासून मला दोन नावं झाली. डच लोकांच्या तोंडी मी एर-झेट-डे असायचो, शर्मिलाच्या तोंडी आर-झेड-डी. दोन्ही हाकांना मी सारखीच ओ देत असे.

महिन्याभरात शर्मिला अस्वस्थ झाली. “ऐकतंय का कोणी?” ती रणजितला विचारायची. रणजित रविवारी फोनची जोडणी सांभाळायला येऊन बसे. तो म्हणायचा, ऐकत असतील की. विज्ञान शिकवलेल्या बाईला ‘असतील’ पुरत नाही. तिने एक खेळ काढला. ओळखीच्या मराठी घरांचे फोन नंबर एका वहीत उतरवले. दर रविवारी कार्यक्रम चालू असताना त्यातल्या एका घरी फोन लावायचा, आधी कल्पना न देता. समोरच्याने ‘हॅलो’ न म्हणता ‘आर झेड डी’ म्हटलं, तर पुढचं गाणं त्या घराच्या आवडीचं.

पहिल्या सात रविवारी सात घरांनी ‘हॅलो’ म्हटलं. आठव्या रविवारी बाडहूव्हडॉर्पला फोन लागला. तिथे साधनाताई राहतात, विमानतळावरच्या मालाच्या गोदामात त्या कामाला होत्या. घंटा एकदाच वाजली आणि पलीकडून शांत आवाज आला, “आर झेड डी.” शर्मिला माझ्या अगदी जवळ सरकली. इतक्या जवळून मी तिचा श्वास त्याआधी ऐकला नव्हता.

मग ही रीतच पडली. रविवारी अकरा ते बारा मराठी घरांत कोणी ‘हॅलो’ म्हणेनासं झालं. एका घरी डच शेजारणीने सायकल हलवा म्हणून फोन केला. समोरून ‘आर झेड डी’ ऐकल्यावर तिने फोन ठेवला आणि येऊन दार वाजवलं. रणजितच्या साहेबांनाही एकदा तेच उत्तर मिळालं, ते इथेच स्टुडिओत बसलेल्या रणजितकडून. आणखी एका घरी मीनलच्या आठ वर्षांच्या मुलाने, ईशानने, फोन उचलून डच ढंगात ‘होई, एर-झेट-डे’ म्हटलं; ‘होई’ म्हणजे डचमधलं ‘हाय’. मराठी त्याला कळायचं, बोलायला मात्र जीभ वळायची नाही. शर्मिला गाणं लावणार एवढ्यात दामोदरकाकांचा फोन आला.

दामोदरकाका म्हणजे महाराष्ट्रातले निवृत्त मोजणी अधिकारी, हार्लेममध्ये मुलाकडे राहायला आलेले. जमिनीच्या मोजणीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे बांध इंचभर सरकलेला त्यांना खपत नसे. अक्षरं डच पद्धतीने म्हणण्याला त्यांची हरकत नव्हती. “पण पोरगं आधी ‘होई’ म्हणालं,” ते म्हणाले. “पहिला शब्द धरायचा, शर्मिलाबाई. नाहीतर खेळ कसला, पोरखेळच की.” ईशानचं गाणं त्या दिवशी हुकलं. पुढे महिन्याभराने त्याने बरोबर उत्तर दिलं, तेव्हा पहिलं अभिनंदन काकांनीच केलं.

अशी पंधरा वर्षं गेली. शर्मिलाला इथल्याच एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचं काम मिळालं, रविवार मात्र तिने सोडला नाही. ती माझी टोपी दर दोन महिन्यांनी धुवायची.

मागच्या वर्षी बातमी आली. शेजारच्या तीन गावांची स्टेशनं एकत्र होणार. एक परवाना, एक कार्यालय, एक नाव. नव्या स्टेशनची जबाबदारी मार्येन नावाच्या डच बाईंकडे आली. माझा ठोकळा कापला तोही त्यांनीच. मित्रांनो, त्यांच्याबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको. त्या वेळेवर येतात, दार हळू लावतात आणि बोलणाऱ्याला मध्ये तोडत नाहीत. त्यांनी शर्मिलाला नियम नीट समजावून सांगितले. जुनं नाव कार्यक्रमात घ्यायचं नाही. एका दारावर दोन पाट्या असल्या तर नवा माणूस बाहेरच घोटाळतो, असं त्यांचं म्हणणं. फोनवरच्या माणसाच्या तोंडाला हात लावता येत नाही, पण जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणातून ते नाव कापलं जाईल. हौशी लोकांच्या प्रत्येक कार्यक्रमाला बारा रविवार मिळतील. नंतर श्रोत्यांची परिषद सुरुवातीच्या महिन्यातलं एक, त्यानंतरचं एक आणि शेवटचं एक, अशी तीन ध्वनिमुद्रणं ऐकेल आणि कार्यक्रम ठेवायचा की बंद करायचा ते ठरवेल. प्रश्न एकच असेल: नव्या नावाने आपल्याला ओळखणारे श्रोते या तासाला आहेत का?

फोनचा खेळ मार्येनना फार आवडला. त्या म्हणाल्या, चालू ठेव, यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

४ जानेवारीला अकरा वाजून बावीस मिनिटांनी शर्मिलाने वहीतून दामोदरकाकांचा नंबर काढला.

“आर झेड डी,” काका म्हणाले.

शर्मिला म्हणाली, “काका, चुकलं. आता आपण डी एल के आहोत. डिसेंबरात दोनदा सांगितलं होतं मी.”

“ऐकलंय दोन्ही वेळा. मी चुकलेलो नाही, बाई. हद्द तुम्ही सरकवलीत.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. गाणं शर्मिलाने स्वतःच निवडलं.

त्याच आठवड्यात आर्नहेमच्या सुचेताने मराठी घरांच्या ग्रुपवर निरोप फिरवला. ती इंटरनेटवरून कार्यक्रम ऐकते आणि कोणत्याही कामात पुढे असते. रणजितने तो स्टुडिओत वाचून दाखवला, म्हणून मला कळला. रविवारी शर्मिलाचा फोन आला तर सगळ्यांनी जुनंच नाव घ्यायचं. तीन अक्षरं आपली आहेत, कोणी पुसली म्हणून पुसली जात नाहीत. खाली पन्नासएक जणांनी होकार दिला होता. शर्मिलाला आपला आधार वाटावा, हाच सगळ्यांचा हेतू.

आणि इथेच घोटाळा झाला. दुसऱ्या रविवारी ‘आर झेड डी’. तिसऱ्या रविवारी तेच. चौथ्या रविवारी पूर्णिमाच्या घरी फोन लागला, तर मागून अख्ख्या कुटुंबाने एका सुरात जुनं नाव म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. सोमवारी ध्वनिमुद्रणातून ते कापलं गेलं. कापल्यानंतर जे उरलं ते मी स्टुडिओच्या स्पीकरवर ऐकलं. घंटा वाजते. फोन उचलला जातो. पुढे काही नाही. मग शर्मिलाचा पडलेला आवाज, “चुकलं.” पलीकडे कोणी ऐकतच नव्हतं, असं कोणालाही वाटावं.

प्रेमाने उचललेला प्रत्येक फोन त्या कार्यक्रमाच्या विरुद्ध साक्ष देत होता.

रणजितच्या ते आधी लक्षात आलं. “अगं, ग्रुपवर एक मेसेज टाक ना,” तो म्हणाला. “म्हणावं, नवं नाव घ्या, नाहीतर कार्यक्रम जाईल. दोन ओळींचं काम आहे.”

“नाही टाकणार.”

“का पण?”

“ऐकणारं कोणी आहे की नाही, हे कळावं म्हणून मी हा खेळ काढला. पढवून म्हणवून घेतलं, तर मला कधीच कळणार नाही.”

“आणि कार्यक्रम गेला तर?”

वहीची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

आठ रविवार असेच गेले. माझंही मन लागत नव्हतं. तुम्ही म्हणाल, मायक्रोफोनला कसलं मन. पडदा तोच होता, वेटोळं तेच होतं, आवाज पूर्वीइतकाच स्वच्छ जात होता. पण शर्मिला सुरुवातीला नवी अक्षरं म्हणायची तेव्हा आधी अगदी बारीकसा थांबा घ्यायची. बाहेर कोणाला तो ऐकू गेला नसेल. मला जायचा. आपल्याच घरात शिरताना कोणी दार ठोठावावं, तसा तो थांबा होता.

नववा रविवार, १ मार्च. अकरा वाजून वीस मिनिटं. फोन बाडहूव्हडॉर्पला लागला.

“डी एल के,” साधनाताई म्हणाल्या.

रणजितची खुर्ची करकरली. शर्मिलाने अभिनंदन केलं आणि कुठलं गाणं लावू म्हणून विचारलं.

“गाणं सांगते. त्याआधी एक बोलू का? ग्रुपवर मला फितूर म्हणतील आता, म्हणून इथेच बोलते.”

“बोला ना, ताई.”

“माझं नाव साधना नाही. म्हणजे आहे, एकोणचाळीस वर्षं आहे. त्याआधी मी सुनीती होते. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि यांनी अंगठीने त्यावर नवं नाव लिहिलं. सगळ्यांना पेढे वाटले. मला कोणी विचारलं नव्हतं. मीही ते ताटावरच वाचलं.”

शर्मिलाने वही मिटल्याचा आवाज आला.

“लोक म्हणतात, नाव बदललं तरी माणूस तेच राहतं. खोटं आहे ते,” साधनाताई पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. “सुनीती विहिरीत पोहायची. वरून उडी मारायची. साधनाला पोहता येतं का, हे कोणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. अशा पुष्कळ गोष्टी त्या नावाबरोबर मागे राहिल्या. सुनीती म्हणणारी आता एक बहीणच उरलीय. तिचा फोन आला की बरं वाटतं. पण म्हणून साधनाला हाक मारणाऱ्यांना मी दार लावून घेतलं नाही. तेही माझेच आहेत. तेव्हा तुला मी नव्या नावानेच हाक मारणार, शर्मिला. फक्त एक विचारते. येताना जुन्या नावाचं काय काय बरोबर आणलंस?”

वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरल्याचा आवाज आला.

“हा खेळ आणला, ताई,” शर्मिला म्हणाली. “आणि ही वही.”

“मग पुरे झालं,” साधनाताई म्हणाल्या आणि त्यांनी गाणं सांगितलं.

त्या आठवड्यात ग्रुपवर बरीच भवति न भवति झाली, असं रणजित सांगत होता. सुचेताने लिहिलं की साधनाताईंचं दुःख वेगळं आणि हा प्रश्न वेगळा. कोणीतरी तिला विचारलं, तुझं तरी पहिलं नाव काय गं? मग एकीने आपलं माहेरचं नाव लिहिलं. तिच्याखाली दुसरीने. बघता बघता सव्वीस नावं झाली. कित्येक नवऱ्यांनी त्या नावांनी कधी हाक मारलेली नव्हती, ते ती पुन्हा पुन्हा वाचत बसले. शर्मिलाने त्यातलं काहीही रेडिओवर वाचलं नाही. पुरावा गोळा करणारा साक्षीदारांना शिकवत नाही, एवढंच ती म्हणाली.

दहाव्या रविवारी स्वप्नालीच्या घरी फोन लागला, तिने नवी अक्षरं म्हटली. अकराव्या रविवारी एका घरातून नुसतंच ‘हॅलो’ आलं. त्यांना खेळच माहीत नव्हता, नुकतेच मुंबईहून आले होते. तेव्हा वारं फिरलं असं छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी काळजी घ्या म्हणून विनवतात. मलाही तेच सांगायचं आहे, पण माझ्यासाठी नाही. माझी टोपी वेळच्या वेळी धुतली जाते. ठोकळा नवा आहे आणि गळ्याला आता टोचत नाही. काळजी घ्या ती नाव बदलताना. दुकानाचं, गल्लीचं, शाळेचं, माणसाचं, कशाचंही नाव बदलायचं असेल, तर त्या नावाने जे हाक मारत आले त्यांच्याकडे आधी जा. नाव ज्याला दिलेलं असतं त्याच्याकडे ते थोडंच असतं. जास्त असतं ते हाक मारणाऱ्यांच्या तोंडी. त्यांच्याकडून ते सुरीने कापून घेता येत नाही.

बारावा रविवार, २२ मार्च. अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं. मार्येन त्या दिवशी स्टुडिओत येऊन बसल्या होत्या. शर्मिलाने दामोदरकाकांचा नंबर लावला. जानेवारीनंतर त्यांचा एकही फोन आला नव्हता. ते ऐकतात की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. घंटा सहा वेळा वाजली.

फोन उचलला गेला. मागे रेडिओ चालू होता. शर्मिलाचाच श्वास त्यातून दोन सेकंद उशिरा ऐकू येत होता.

“डी एल के,” काका म्हणाले. मग घसा साफ करून, सरकारी कागद वाचावा तसं त्यांनी सावकाश म्हटलं, “माहेरचं नाव आर झेड डी.”

शर्मिला हसली की रडली, हे एवढ्या जवळून ऐकूनही मला सांगता येणार नाही. “काका, गाणं कुठलं लावू?” तिने विचारलं.

“तुम्ही लावाल ते. अकरा रविवार ऐकतोच आहे, तुमची निवड बरी असते.”

कार्यक्रम संपल्यावर शर्मिलाने ते शब्द मार्येनना डचमध्ये समजावून दिले. तांदळाचं ताट, अंगठी, माहेर, सगळंच. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की ही रीत अजून चालते का? शर्मिला म्हणाली, कमी झाली आहे, पण गेलेली नाही.

श्रोत्यांची परिषद गुरुवारी दुपारी चार वाजता आहे. आज मंगळवार. तीन ध्वनिमुद्रणं काल रवाना झाली. चौथ्या आणि नवव्या रविवारची नियमाप्रमाणे तपासून गेली. बाराव्या रविवारचं ध्वनिमुद्रण मार्येननी तीनदा ऐकलं आणि न कापता पाठवलं. का, ते त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही.